चौथा गॉगल

"भाड्याचं मागाहून बोलू," ते म्हणाले, "आधी तुमची स्कूटर दाखवा."

लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं आणि गिरगावात भावाच्या एका खोलीत आमचं चार माणसांचं भागेनासं झालं होतं. ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं, पार्ल्याला पूर्वेकडे, विमानतळाच्या अंगाला एक बैठं घर आहे, मागच्या दोन खोल्या द्यायच्यात, मालक जरा तऱ्हेवाईक आहे. मालकानं घरात वाघ पाळला असता तरी माझी हरकत नव्हती, अशी तेव्हा माझी अवस्था होती. गेलो. ओटीवर स्टुलावर बसलेले एक पन्नाशीचे गृहस्थ दिसले. अंगात बाह्यांचा गंजीफ्रॉक, हातात पक्कड आणि डोळ्यांवर काळ्या रबराचा जाडजूड गॉगल. मी जागेचं बोललो तर त्यांनी गॉगल लावलेलं तोंड माझ्याऐवजी रस्त्यावरच्या स्कूटरकडे फिरवलं.

खाली येऊन त्यांनी ती स्कूटर अशी तपासली की मला माझीच लाज वाटायला लागली. प्रत्येक बोल्टला नख लावून बघत होते आणि पुटपुटत होते, "हा सुटणार. हा सुटलेलाच आहे. इथला कुठे गेला?" तिथे कधी बोल्ट होता हेच मला ठाऊक नव्हतं.

"बायको मागे बसते?"

"बसते की."

"आज आणलीय?"

"नाही, एकटाच आलोय."

"बरं केलंत. रविवारी स्कूटर इथे ठेवून जा. सामान आणाल तेव्हा न्या. तोपर्यंत तिला बसनं फिरवा." एवढं बोलून ते वर जाऊन स्टुलावर बसले. जागा मिळाली हे मला आतून काकूंनी येऊन सांगितलं तेव्हा कळलं.

त्यांना आम्ही काका म्हणायचो. नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण पोस्टमन सोडला तर ते कुणी वापरत नसे. गल्लीतली पोरं त्यांना 'गॉगल' म्हणायची, तेही तोंडावर, आणि त्यांना त्याचा राग नव्हता. एका विमान कंपनीच्या सांताक्रूझच्या हँगरमध्ये ते कामाला होते. तिथली एक रीत त्यांनी घरी आणली होती आणि त्यांचं सगळं वेड त्या एका रीतीभोवती होतं.

ती रीत अशी. विमानातला महत्त्वाचा बोल्ट नुसता आवळून सोडत नाहीत. त्याच्या डोक्यात आरपार बारीक भोक असतं. त्यातून तार ओवायची, तिला पीळ द्यायचा आणि ती शेजारच्या बोल्टच्या भोकात अडकवायची. हादऱ्यानं एक बोल्ट सुटायला लागला की तार शेजारच्याला ओढते, आणि तो शेजारचा आवळायच्या दिशेनं ओढला जात असल्यानं हलत नाही. म्हणजे दोघंही जागच्या जागी. काकांना हे इतकं पटलं होतं की जगात जे जे आवळलेलं आहे त्याला त्यांना तार लावावीशी वाटे. ओटीवरच्या झोपाळ्याच्या कड्यांना तार होती. पाण्याच्या टाकीच्या झाकणाला होती. आमच्या खोलीच्या कडीचे बोल्ट एक दिवस काढून नेले आणि संध्याकाळी भोकं पाडून, तार लावून परत बसवले. दुपारभर आमचं दार उघडं होतं. बायको चिडली तर म्हणाले, "चोर आला असता तर मी होतो. कडी रात्री निखळली असती तर कोण होतं?"

पण हे सगळं जाता जाता. खरं प्रेम मोटारसायकलवर. लष्करानं लिलावात काढलेली, इंग्रजी बनावटीची, हत्तीच्या रंगाची ती गाडी ओटीच्या टोकाला उभी असे. विमानाचे बोल्ट कारखान्यातून भोकं पाडूनच येतात, मोटारसायकलचे तसे येत नाहीत. ती भोकं पाडण्यात काकांच्या सुट्ट्या जायच्या.

बोल्टच्या डोक्याला भोक पाडणं हे ऐकायला जितकं सोपं वाटतं तितकंच करायला वैतागाचं आहे. बोल्ट व्हाइसच्या लोखंडी जबड्यात धरायचा, नेमक्या जागी पंचानं ठोकून खळगा करायचा, नाहीतर ड्रिल घसरतं. ड्रिलचा बिट सुईपेक्षा थोडा जाड. थेंब थेंब तेल सोडत हळूहळू आत जायचं. आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर पडायच्या वेळी, आता झालंच असं वाटून माणूस जोर लावतो, तेव्हा बिट हमखास मोडतो. मोडलेला तुकडा कुठे उडेल ते कुणी सांगू शकत नाही. काकांनी हँगरमध्ये एकाचा डोळा जाताना पाहिला होता. तो काम करत नव्हता, नुसता चहा द्यायला आला होता.

म्हणून ओटीवर एक लाल रेघ मारलेली होती. काकांचं काम चालू असेल तेव्हा रेघेच्या आत यायचं तर गॉगल घालून यायचं. खांबाला खिळे ठोकून गॉगल टांगलेले असत. पाहुणा असो, दूधवाला असो, नियम एकच. एकदा निवडणुकीत मतं मागायला चौघंजण आले. उमेदवार स्वतः होता, खादीचा कडक झब्बा घातलेला. काकांनी डोकं वर न करता खांबाकडे बोट दाखवलं. तिघांनी गॉगल चढवले आणि हात जोडून उभे राहिले. चौथ्याला मिळाला नाही, त्याला रेघेबाहेर थांबावं लागलं आणि तो नेमका उमेदवार निघाला. आत बसून माझी बायको हसून हसून लोळायची बाकी होती. काका मात्र शांतपणे म्हणाले, "माझं मत यांना देईन. ज्याला थांबता येतं तो बरा असतो."

खरं म्हणजे खांबावर चौथा गॉगल होता. वेगळ्या खिळ्याला, जरा वर, कापडाच्या पिशवीत. तो पाहुण्याला मिळत नसे. दर पंधरवड्याला काका तो पिशवीतून काढायचे, रबराला पावडर लावायचे, काच पुसायचे आणि परत ठेवायचे. मी सुरुवातीला विचारलं, हा कुणाचा? तर म्हणाले, "हिचा." आणि ड्रिल फिरवायला लागले.

काकूंना मी त्या रेघेच्या आत कधी पाहिलं नव्हतं. त्यांचा डावा पाय गुडघ्यात नीट वाकत नसे. त्या दाराशी पाट टाकून, पाय लांब करून बसायच्या, भाजी निवडायच्या आणि तिथूनच काकांचं काम बघत असायच्या. पायाचं त्यांनी आम्हाला आपण होऊन सांगितलं, वालपापडी निवडता निवडता.

"घोडबंदर रस्त्यानं माहेरी निघालो होतो, बोरिवलीला. इंजिनाच्या खालचा तेलाचा बोल्ट असतो ना, तो वाटेत सुटून पडला. तेल सगळं मागच्या चाकावर. वळणावर गाडी अशी गेली," त्यांनी शेंग सुपात सरकवून दाखवली, "यांना खरचटलं. माझा गुडघा गेला."

बायकोनं हळहळून काहीतरी म्हटलं.

"अगं, हाडाचं काय, ते बसलं. यांचं नाही बसलं. विमानांना रोज तार लावणारा माणूस, आणि घरच्या गाडीला लावली नव्हती. हॉस्पिटलात माझ्याशी बोलेनात. भिंतीकडे बघून बसायचे. मी म्हटलं, मी आहे की अजून, माझ्याकडे बघा."

तेव्हापासून त्या गाडीवर बसल्या नव्हत्या. रागानं नव्हे. काका दरवर्षी दसऱ्याला गाडीला हार घालून विचारायचे, "बसतेस?" आणि काकू विचारायच्या, "सगळे झाले का?" काका प्रामाणिक माणूस. विचार करून म्हणायचे, "बहुतेक." काकू म्हणायच्या, "बहुतेक नको मला." आणि काका परत स्टूल ओढून बसायचे. हे मी तीन दसरे पाहिलं. माझी बायको म्हणायची, काकू क्रूर आहेत. मला तसं वाटत नसे. मला वाटे, त्या भितात आणि भिते म्हणायला त्यांना आवडत नाही. आणि काकांचं तर उघडच होतं. या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे बायकोनं परत एकदा त्याच्या मागे बसावं. बाकी सगळी तार त्याच्यासाठी होती.

गाडीची चाचणी घ्यायला मागे वजन लागे. ते वजन मी. "तुझं नि हिचं साधारण सारखंच भरेल," असं ते मला चारचौघांत सांगत. मी तेव्हा फारच काटकुळा होतो आणि काकू काही जाड नव्हत्या, तरी ऐकायला बरं वाटत नसे. स्कूटरला तारा लागल्यापासून मी 'अहो'चा 'अरे' झालो होतो. रविवारी सकाळी आम्ही सहारकडच्या मोकळ्या रस्त्यावर जायचो. कधी ते चालवायचे, कधी मला चालवायला लावून आपण बाजूला उभे राहून ऐकायचे. पाहायचे नाहीत, डोळे मिटून ऐकायचे.

"मागे माणूस असला की इंजिन वेगळं बोलतं. सपाटीला कळत नाही, चढाला कळतं. एकटा असलास तर दुसऱ्या गियरवर चढशील. मागे कुणी असलं तर पहिल्यावर यावं लागतं. ऐकत जा रे, नुसता बसतोस काय?"

तार लावायला मात्र मला त्यांनी एकदाच दिली. पीळ छान पडला होता, मी खूश होतो. त्यांनी वाकून बघितलं आणि कापून टाकली.

"काय झालं?"

"ओढ कुठल्या बाजूला आहे?"

मी तार बोल्टच्या उलट्या अंगानं नेली होती. ती बोल्टला सुटायच्या दिशेनं ओढत होती. "ही तार बोल्टला धरत नाही, बोल्टला घराबाहेर काढते," ते म्हणाले. "आणि एक ऐक. तार बोल्ट आवळत नसते. आवळायचा तो आपण. तार फक्त सुटू देत नाही. लोकांना वाटतं, तार लावली की झालं."

मी परत पक्कड मागितली नाही आणि त्यांनीही दिली नाही.

चांगुणेची ओळख आता करून द्यायला हवी. ती खारदांड्याची कोळीण. वर्षानुवर्षं एक दिवसाआड या घरी मासळी घेऊन यायची. आली की ओटीच्या पायरीवर बसून, मासे साफ करून देऊनच जायची. तिचा आवाज आधी यायचा, मग ती, मग वास. काकांना ती भाऊ म्हणायची आणि अरेतुरे करायची. तिला काकांनी पहिल्यांदा गॉगल पुढे केला तेव्हा ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली होती म्हणे.

"मना नको तुजा चष्मा! दर्याचा वारा तोंडावर बसतो तवा कोन चष्मा लावतं?"

काका म्हणाले, "मग रेघेबाहेर बस." ती बसली रेघेबाहेर. पण पुढे एकदा मोठा ताम्या मासा खरवडताना खवला उडून तिच्याच डोळ्यात गेला. दोन दिवस डोळा लाल घेऊन फिरली. तिसऱ्या दिवशी आली, काही न बोलता खांबावरचा गॉगल काढला, चढवला आणि कोयत्यापुढे बसली. हँगरचा गॉगल लावून मासे खवलणारी कोळीण मी पाहिली आहे. तो गॉगल मग तिच्याच पाटीत राहायला गेला. काकांनी परत मागितला नाही. म्हणाले, "आता त्याला वास लागला, आणि तिला सवय लागली. दोन्ही जायची नाहीत."

त्या सुमारास काकांमध्ये एक फरक पडला होता, तो आम्हा सगळ्यांना दिसत होता आणि ते नाही म्हणत होते. त्यांना जवळचं दिसेना. चाळिशी त्यांना उशिरा लागली, पण लागली. आता पंचाईत अशी की चष्म्यावर गॉगल बसेना. बसवला तर चष्मा नाकावर टोचे आणि घामानं दोन्हींच्या काचा धुरकट होत. भोक पाडताना ते निमूट गॉगल लावायचे, अंदाजानं पाडायचे. पण तार ओवताना आणि पीळ देताना गॉगल काढून चष्मा लावायला लागले. काकूंनी दारातून हटकलं, "गॉगल?"

"तार तर आहे. ड्रिल थोडंच आहे?"

"तुम्हीच म्हणता ना, कापलेलं टोक उडतं?"

"हात धरतो मी त्याच्यावर."

ते खरं होतं. पक्कडीनं तारेचं शेपूट कापताना दुसरा हात त्यावर झाकायचा, हा त्यांचाच नियम. काकूंनी सूप पुढे ओढलं, पण त्यातल्या तांदळाकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

पावसाळा सरला आणि चांगुणेच्या मुलानं नवी होडी केली, इंजिनाची. त्या इंजिनाचे बोल्ट काकांनी दांड्याला दोन रविवार जाऊन तारेनं बांधून दिले होते. पूजेचं आमंत्रण द्यायला चांगुणा पाटी न घेता आली, केसांत वेणी माळून.

"आयतवारी होरीची पूजा हाय. तुमी दोघांनी जोरीनं यावाचं. भाऊ, तू येकला आलास तं दारातशी परत धारीन तुला."

"तिला बस चढवत नाही गं," काका म्हणाले.

"मंग टॅक्शी कर. बायकोसाठी टॅक्शी करवत नाय तुला?"

काकू दाराशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "टॅक्सी कशाला? गाडीनं येऊ."

काकांनी विचारलं, "कुठल्या गाडीनं?"

"आपल्या. दुसरी आहे का कुठे?"

काकांच्या हातातली पक्कड खाली पडली. त्यांनी ती उचलली नाही. चांगुणा एकदा काकांकडे, एकदा काकूंकडे बघत होती. तिला आतलं काही ठाऊक नव्हतं, पण बाई हुशार, ती तोंड मिटून बसली. काकूंनी नेहमीचा प्रश्न विचारला, "सगळे झालेत ना?"

काका म्हणाले, "आयतवारपर्यंत होतील." चांगुणेचाच शब्द तोंडात आला. 'बहुतेक' म्हणाले नाहीत.

पुढचे दिवस घर डोक्यावर घेतलं होतं. त्यांनी रजा काढली. आपणच लावलेल्या जुन्या तारा कापून नव्या लावायला घेतल्या, कारण एकदा पिळलेली तार परत पिळायची नाही, हा आणखी एक नियम. मी ऑफिसातून येऊन बघायचो तर ओटीवर कापलेल्या तारांचे तुकडे आणि मध्ये काका. जेवायला हाक मारली तर "हो, हा एवढा" म्हणायचे. ऑक्टोबरचा उकाडा होता, घाम टपटप खाली पडत होता. इतका घाईत असलेला हा माणूस मी पूर्वी पाहिला नव्हता. घाई हा त्यांच्या लेखी शिवीसारखा शब्द.

शनिवारी दुपारी शेवटचा बोल्ट उरला. मागच्या माणसाच्या पायदानाचा. मी आतल्या खोलीत पेपर वाचत होतो. तोंडातून हुंकार निघावा तेवढाच आवाज आला. बाहेर आलो तर ते स्टुलावर ताठ बसले होते, उजव्या डोळ्यावर तळवा झाकलेला, चष्मा खाली. शेपूट कापताना त्यांनी त्यावर हात धरला नव्हता. टोक चष्म्याच्या खालून आत गेलं होतं.

"चोळायचं नाही," ते मला म्हणाले, जसं काही डोळा माझा होता. "कुणी हात लावायचा नाही. पाणी मारायचं नाही. टॅक्सी आण."

काकू उठून आल्या. लाल रेघ ओलांडून आल्या. त्यांनी काकांचा दुसरा हात धरला. टॅक्सीत काका एकच वाक्य बोलले, तेही मला, "तो पायदानाचा अर्धा राहिलाय."

डॉक्टरांनी टोक काढलं. डोळा वाचेल म्हणाले, नजर किती राहील ते पट्टी सुटल्यावर बघू. एका डोळ्याबरोबर दुसराही हलू नये म्हणून तेव्हा दोन्ही डोळे बांधून ठेवत. काका पाठीवर निजून होते, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. काकू बोलल्या तर हूं म्हणत होते, याहून जास्त नाही. तोंड भिंतीकडे फिरवता येत नव्हतं म्हणून, नाहीतर फिरवलं असतं.

रविवारी सकाळी हॉस्पिटलात जायला मी टॅक्सी बघायला निघालो तर काकूंनी ओटीवर अडवलं. नेसून तयार होत्या. दांड्याच्या पूजेसाठी काढून ठेवलेलं हिरवं लुगडं.

"टॅक्सी नको. गाडी काढ."

"काकू, अहो—"

"त्यांना घाई कुणी लावली? मीच ना? आता ते घरी येतील, गाडी पुसतील, दसऱ्याला हार घालतील आणि मला विचारायचे नाहीत. कधीच विचारायचे नाहीत. मी ओळखते त्यांना. आज बसले नाही तर मी परत बसायची नाही. आणि ते असे भिंतीकडे बघत राहतील जन्मभर." त्यांचे डोळे भरून आले होते आणि आवाज मात्र भाजीवाल्याशी बोलतात तसा होता. "तो राहिलेला बोल्ट पुरा कर आधी. येतो ना तुला?"

मी येतो म्हटलं. खांबावरचा गॉगल लावला, नवी तार घेतली, ओवली. काकू स्टुलावर बसल्या होत्या. माझा पहिला पीळ पडतो न पडतो तोच म्हणाल्या, "उलटी ओढ देतोयस."

मी थांबलो. खरंच उलटी होती.

"इतकी वर्षं दारात बसून मी काय नुसती भाजी निवडत होते? वरून घे. वरून. हां, आता पीळ." तार शेजारच्या बोल्टला गेली, ताणली, पिळली. कापायची वेळ आली तेव्हा त्यांनी आपला तळवा त्या शेपटावर झाकला आणि म्हणाल्या, "काप."

मग त्यांनी वरच्या खिळ्यावरची पिशवी काढायला सांगितली. गॉगल काढला, रबराची पावडर फुंकली आणि स्वतःच्या हातानं डोळ्यांवर चढवला. माझी बायको दारात उभी होती. ती एरवी यावर पोट धरून हसली असती. ती रडत होती.

मी गाडी चालू केली. काकू एका अंगानं बसल्या, पाय त्या पायदानावर, हात माझ्या खांद्यावर. तो हात पहिल्या वळणापर्यंत असा रुतला होता की संध्याकाळी तिथे वळ उठलेले बायकोनं पाहिले. रेल्वेच्या फाटकाशी थांबलो तेव्हा मी विचारलं, "परत फिरू का?" त्या म्हणाल्या, "पुढे बघ." फाटकापलीकडे हात जरा सैल झाला. दांड्याला त्याच वेळी होडीपुढे नारळ फुटत असेल, असं माझ्या मनात आलं.

हॉस्पिटलच्या गेटाला छोटासा चढ होता. गाडी दुसऱ्या गियरवर आचके द्यायला लागली, मी पहिल्यावर आणली आणि वर नेऊन काकांच्या वॉर्डाच्या खिडकीखाली लावली. आम्ही हळूहळू आत गेलो. काकूंना चालायला वेळ लागे. गॉगल त्यांनी कपाळावर सरकवला होता आणि तो तिथेच विसरल्या होत्या. नर्स बघत राहिली.

काका तसेच पाठीवर होते, डोळे बांधलेले. आमची चाहूल लागली तसे म्हणाले, "गाडी तू आणलीस?"

"हो."

"गेटाला पहिल्यावर का आलास?"

मी काकूंकडे बघितलं.

"मागे कुणीतरी होतं," ते म्हणाले. "तुझी बायको?"

"मी होते," काकू म्हणाल्या.

काकांनी हात वर केला आणि हवेत धरला. कुठे न्यावा ते त्यांना दिसत नव्हतं. ते काही थँक्यू म्हणणाऱ्यातले किंवा रडणाऱ्यातले नव्हते. त्यांनी जे विचारायचं तेच विचारलं.

"डोळ्यांना काय लावलं होतंस?"

काकूंनी त्यांचा हात धरला आणि आपल्या कपाळावर नेला. काकांची बोटं रबरावरून फिरली, काचेवरून फिरली, मग मागे अंबाड्यापर्यंत गेली. पट्टा त्यांनी दोन बोटांत धरून ओढून बघितला. इतकी वर्षं पिशवीत टांगून, पावडर लावूनही त्याचं इलॅस्टिक ढिलं पडलं होतं.

"सैल आहे," ते म्हणाले. "उद्या येताना घट्ट करून ये."

काकू 'बरं' म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी पट्ट्याला मागून एक टाका घातला, मला ओढून बघायला सांगितलं आणि मगच गाडीवर बसल्या.